पाणलोटाचे प्रशिक्षण सभागृहात संपू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाणलोट संवर्धन आणि पावसाळी पाण्याचे नियोजन यांवर प्रशिक्षणवर्ग होतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांतले कितीतरी वर्ग सभागृहात सुरू होतात, तिथेच संपतात आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांना प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र जागेवर परीक्षा घेतल्याशिवाय देऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. या क्षेत्रातल्या बहुतेक चुका कागदावर दिसतच नाहीत.

आकडेमोडीपासूनच पाहू. किती पाणी वाहून येईल हे काढण्याचे सूत्र एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. अपवाह गुणांक (पडलेल्या पावसाचा किती भाग वाहून जातो तो आकडा), पावसाची तीव्रता (मिमी प्रतितास) आणि क्षेत्र (हेक्टर) यांचा गुणाकार करून ३६० ने भागले की प्रवाह घनमीटर प्रतिसेकंदात मिळतो. सूत्र सगळ्यांना पाठ असते, घोळ होतो तो तीव्रतेत. समजा, दिवसभरात ६० मिमी पाऊस झाला. त्याची २४ तासांची सरासरी धरली तर एक हेक्टर फरसबंद जागेवरून (गुणांक ०.९) सेकंदाला जेमतेम ६ लिटर पाणी येते. पण त्यातले २० मिमी १५ मिनिटांत कोसळले असतील, तर तीव्रता ८० मिमी प्रतितास होते आणि प्रवाह २०० लिटरवर जातो. लहान क्षेत्रात सर्वांत लांबच्या टोकाचे पाणी गटारापर्यंत पोचायला दहा-पंधरा मिनिटेच लागतात, म्हणून तीव्रताही तेवढ्याच अवधीची घ्यावी लागते. हा फरक प्रशिक्षणार्थीने स्वतः जागा चालून, उतार मोजून काढला पाहिजे.

जमिनीत पाणी किती मुरते याची चाचणी तर नुसती ऐकून शिकताच येत नाही. साधारण ३० आणि ६० सेंमी व्यासाची दोन कडी एकात एक ठेवून जमिनीत ठोकायची आणि दोन्हींत पाण्याची पातळी सारखी राखायची. बाहेरच्या कड्यातले पाणी आतले पाणी बाजूला पसरू देत नाही, त्यामुळे आतले सरळ खाली जाते आणि आपण तेवढेच मोजतो. कोरडी माती सुरुवातीला भराभर पाणी पिते. त्या पहिल्या दहा मिनिटांचा आकडा लिहून मोकळे होणे, ही नेहमीची चूक. वेग स्थिर होईपर्यंत थांबलेच पाहिजे. चाचणी वरच्या मातीवर न करता, पाणी मुरवण्यासाठी खोदून रोपे लावायच्या खड्ड्याचा तळ जिथे येणार त्या खोलीवर करायची, आणि पुढे गाळ बसणार हे धरून आलेल्या वेगाच्या निम्माच वेग हिशेबात घ्यायचा. तासाला २० मिमी मिळाला तर १० धरायचा. म्हणजे ३० सेंमी साठलेले पाणी ३० तासांत मुरेल.

पण नंतर त्याच तळावरून जड यंत्र फिरले आणि माती दाबली गेली की वेग सहज २ मिमीवर येऊ शकतो. तेच पाणी मग सहा दिवस साचते, रोपांची मुळे कुजतात, डासांची पैदास होते आणि दोष मात्र आराखड्याला लागतो. यंत्र काठावर उभे करून खोदाई करावी आणि आजूबाजूची माती गवताने बांधली गेल्यावर सर्वांत शेवटी या खड्ड्यात माती भरून रोपे लावावीत, हे यंत्रचालकाला सांगायचे कोणी? तो प्रशिक्षणाच्या यादीतच नसतो!

नाल्यात आडव्या घातलेल्या अनघड दगडी बांधांचेही तसेच. बांधाचा मध्यभाग दोन्ही टोकांपेक्षा किमान १५ सेंमी खोलगट हवा आणि टोके काठात नीट घुसवलेली हवीत. मधला भाग उंच राहिला की पाणी कडेने वाट काढते, काठ खाते आणि बांध नाल्यात एकटा उभा राहतो. दोन बांधांतले अंतर ठरवताना वरच्या बांधाचा पायथा आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत यावा. ६० सेंमी उंचीच्या बांधांना ४ टक्के उतारावर हे अंतर १५ मीटर येते. आणि काम माथ्याकडून पायथ्याकडेच करायचे. खालचा बांध आधी घातला तर वरच्या उघड्या उताराचा गाळ पहिल्याच पावसात त्यात येऊन बसतो.

बांधकामाच्या जागेवर गाळ अडवणारे कापडी कुंपणही असेच वाया जाते. कापडाची खालची कड १५ सेंमी खोल चरात पुरून माती ठोकावी लागते, कुंपण समपातळीत धरून टोके चढाकडे वळवावी लागतात आणि गाळ एक तृतीयांश उंचीवर आला की काढावा लागतो. नुसते खुंट्यांना लटकवलेले कापड काहीच अडवत नाही. वाहत्या नाल्यात तर ते लावूच नये.

म्हणून प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना आमची विनंती आहे. अभियंत्यांबरोबर मुकादम, यंत्रचालक आणि पुढे देखभाल करणारे कर्मचारी यांनाही बोलवा, कारण तोंडाशी साचलेला पालापाचोळा वेळेत निघाला नाही तर उत्तम खड्डाही कोरडा राहतो आणि पाणी रस्त्यावरून निघून जाते. निदान निम्मा वेळ जागेवर द्या, त्यातला एखादा दिवस भर पावसात असू द्या. परीक्षेत प्रत्येकाला एक बिघडलेले काम दाखवून ते का बिघडले हे विचारा. आणि प्रमाणपत्राचा शेवटचा टप्पा, त्याने स्वतः केलेल्या कामाची एक पावसाळा उलटल्यानंतरची तपासणी होईपर्यंत राखून ठेवा.

आपले,
पाणलोट व जलनिःसारण क्षेत्रात काम करणारे काही अभियंते