नकाशात काश्मीर ते कन्याकुमारी, विमानात पावणेदोन तास

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत उत्तरेकडच्या विमानतळांवर पान दिलंत ते झकास होतं, पण त्यातल्या उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो ते त्याच्याही वर, स्वालबार्ड बेटांवरचं लाँगियरब्येन या विमानप्रवासाच्या चौकटीने आमच्या घरात दोन दिवस कालवा झाला. भाचा क्रूझवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात आहे आणि नेमकं त्याच आठवड्यात त्याला लाँगियरब्येनला जहाज पकडायचं होतं.

चौकटीत मोबाइलवर दिसतो तसला जगाचा सपाट नकाशा आणि त्यावर लाल बाण. ताईने पट्टी लावली तर बाण आपल्या भारताच्या उंचीएवढा भरला. "काश्मीर-कन्याकुमारीएवढा लांब आसा रे ह्या!" म्हणून तिने देव पाण्यात घालायचेच बाकी ठेवले. पट्टी बरोबरच होती हो, लबाडी नकाशाची आहे. खरं तर रेखांश ध्रुवाकडे एकत्र येतात, या नकाशात ते सरळ उभे काढतात, मग वरचा सगळा भाग आडवा ताणला जातो, आणि आकार बिघडू नये म्हणून तेवढाच उभाही ताणतात. रत्नागिरी १७ अंशावर म्हणून आपल्याकडे काही जाणवत नाही, लाँगियरब्येन ७८ अंशावर, तिथे ताण जवळपास पाचपट. भारत उत्तर-दक्षिण ३,२१४ किमी आणि हे अंतर साधारण ९६० किमी, म्हणजे तिसरा हिस्सासुद्धा नाही.

आता वेळ. तुम्ही छापलात १ तास ८ मिनिटं. कोणीतरी ९६० ला ८५० ने भागलं असणार! अहो विमान काय धक्क्यावरून सुटल्यासुटल्या ८५० ने पळतं का, धावपट्टीपर्यंत जायचं, वर चढायचं, परत उतरायचं, तिकिटावर दीड-पावणेदोन तास असतात. शिवाय स्वालबार्ड नॉर्वेचंच पण शेंगेनच्या, म्हणजे एका व्हिसावर फिरता येतं त्या युरोपी देशांच्या गटाच्या बाहेर, त्यामुळे ट्रॉम्सोला पासपोर्टची रांग. आपल्या माणसाला परत नॉर्वेत यायचं तर डबल एंट्री व्हिसा लागतो, ही ओळ तुमच्या पानात कुठेच नव्हती, आणि कोकणातली किती पोरं बोटीवर आहेत ते तुम्हाला माहीत आहेच.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की रूळ तेवढेच राहतात, तास वाढतात, हे आमच्याकडे शाळकरी पोराला कळतं. लाँगियरब्येनला विमानतळ झाला १९७५ ला, त्याआधी समुद्र गोठला की हिवाळाभर जहाज नाही. आईच्या तोंडी 'बोट बंद झाली' हे वाक्य असायचं, पावसाळ्यात मुंबईची बोट थांबली की माणूस तिकडचा तिकडे. तिकडे थंडीत, इकडे पावसात, एवढाच काय तो फरक.

तेव्हा पुढच्या वेळी नकाशा गोलावरचा छापा आणि वेळ तिकिटावरची.

भाचा पोचला. ताईला फोटो पाठवलाय, रात्री अकराला लख्ख ऊन.

आपला,
एक जुना वाचक, मालवण