ऐनावरचा बिबट

मूल, जि. चंद्रपूर
१४ मे

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

वर्षभर तुला एक ओळही लिहिली नाही, ही बोचणी मनात घेऊनच लिहायला बसलो आहे. प्रकृती बरी आहे; गुडघा मधूनमधून दुखतो.

गेल्या रविवारी ताडोबाच्या जंगलात मोहर्लीच्या बाजूला जे पाहिले, ते तुझ्याखेरीज कोणाला सांगावे हे सुचेना. ऐनाच्या फांदीवर एक बिबट अंग चोरून बसला होता आणि बुंध्याशी वाघीण शांतपणे पडून होती. तिने डरकाळी फोडली नाही, वर झेपही घेतली नाही. पाऊण तासाने ती उठून गेली, तरी तो खाली उतरला नाही.

वसतिगृहात सिंह श्रेष्ठ की वाघ, यावरून आपण आठ दिवस अबोला धरला होता, ते आठवते ना? तू सिंहाच्या आयाळीवर अडून बसलास, मी वाघाच्या वजनावर. आता वाटते, आपण दोघेही झुंजीवरच अडलो. दोनशे किलोच्या वाघापुढे साठ किलोचा बिबट उभाच राहत नाही. गाठ पडलीच तर जिवाला मुकतो, म्हणून तो वेळ बदलतो, वाट बदलतो, शिकार झाडावर नेतो आणि अखेर जंगलाच्या कडेला सरकतो. उत्तराखंडातल्या राजाजी राष्ट्रीय उद्यानात वाघ वाढले, तेव्हा बिबट्यांच्या आहारात पाळीव जनावरांचे प्रमाण वाढलेले अभ्यासकांना आढळले.

आणि ती कड म्हणजे आमचेच शिवार, हीच माझी काळजी आहे. धाकट्याच्या गोठ्यातून गेल्या महिन्यात दोन शेळ्या गेल्या. गावात संताप आहे. तो मला समजतो, पण फांदीवरचा तो जीव डोळ्यांपुढून हलत नाही.

तू सिंहाचा पक्षपाती, म्हणून एक सांगतो: गीरमध्ये २०१८च्या डिसेंबरात एका सिंहिणीने बिबट्याचे दोनेक महिन्यांचे पिल्लू आपल्या छाव्यांसोबत दीड महिना वाढवले, त्याला दूधही पाजले. जन्मजात दोषामुळे ते पुढे दगावले. एरवी तिथेही सिंह बिबट्यांना मारतात.

सुमनचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार सांग.

धाकट्याने गोठ्याला जाळी मारली आहे, पण रात्री तो काठी घेऊन अंगणात उघड्यावरच निजतो. माझे ऐकत नाही. तुझा शब्द तो मोडणार नाही, तेव्हा पत्र मिळताच त्याला फोन कर.

तुझा,
दिगंबर