बाई, तुमच्या शिडाच्या गोष्टीसाठी

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांनी वाचावं म्हणून उघडं लिहिते आहे. तुमचं नाव कुठे घालायचं नाही, ही तुमची अट पाळली आहे. कोणी आभार मानले की तुम्ही विषय बदलता, हेही ठाऊक आहे. पण इथे तुम्हाला तो बदलता येणार नाही. शिवाय लहान मुलांना आकार शिकवणाऱ्या आणखी कोणाला यातलं काही उपयोगी पडलं तर ते तुम्हालाही आवडेल.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या बालवर्गात आलात तेव्हा शिक्षकांच्या खोलीत थोडी कुजबुज झाली होती. उभा जन्म माध्यमिकला प्रमेयं शिकवलेल्या बाईंचं चार-पाच वर्षांच्या मुलांत काय काम? तुम्ही फळ्यावर एक काटकोन त्रिकोण काढलात, पायथा खाली आणि काटकोन डाव्या कोपऱ्यात. म्हणालात, "हा दिला की नववीतलं पोर पायथागोरस घडाघडा म्हणतं." मग तोच त्रिकोण कर्ण खाली घेऊन काढलात. "आणि हा दिला की अर्ध्या वर्गाला कर्ण कुठला तेच कळत नाही. ही गाठ नववीत पडत नाही, इथे पडते. म्हणून इथे आले."

पुढे तुम्ही वाचायला दिलेला अमेरिकेतला एक अभ्यास आठवतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेला, तीन ते सहा वर्षांच्या मुलांवरचा. वर्तुळ ओळखताना मुलं जवळपास चुकतच नव्हती, ९६ टक्के उत्तरं बरोबर. चौरसाची ८७ टक्के. त्रिकोणाला आकडा ६० वर घसरला, आयताला ५४ वर. कारण शोधायला लांब जायला नको. वर्तुळ कसंही फिरवा, ते जसंच्या तसं दिसतं. त्रिकोणाची रूपं अगणित, आणि मुलांसमोर येतं ते एकच: तिन्ही बाजू सारख्या, बूड जमिनीला टेकलेलं, टोक आभाळाकडे. आकारांची बहुतेक रंगीत पुस्तकं चाळून बघा, पानापानावर तोच.

तुम्ही स्वतः रंगवून, दोऱ्याने शिवून आणलेलं चित्रपुस्तक मात्र वेगळं होतं. वादळात गलबताचं शीड उडून जातं. तीन टोकांना तीन दोऱ्या बांधल्या तरच शीड ताणून बसतं, हे तुम्ही पहिल्याच चित्रात दाखवलं होतं. मग गलबतावरचे उंदीर पाण्यावर तरंगणाऱ्या कापडांतून नवं शीड शोधायला लागतात. एका पानावर लांबुडकं, निमुळतं कापड. एकावर उलटं, टोक खाली. एक जवळपास तसंच, पण वरचं टोक गोलसर. एकाची एक बाजू बाहेर फुगलेली, म्हणून डोलकाठीला धरून बसेना. आणि एक चार टोकांचं, सगळ्यांत सुंदर रंगवलेलं; तो तुमचा खोडसाळपणा. 'त्रिकोण' हा शब्द अख्ख्या पुस्तकात एकदाही नव्हता.

गोलसर टोकाच्या पानावर काय झालं ते मी अजून सगळ्यांना सांगत असते. एरवी तोंडातून अक्षर न काढणारी एक मुलगी उठली, पुस्तकापाशी आली, त्या टोकावर बोट फिरवलं आणि चिमटीत दोरी धरल्यासारखं करून म्हणाली, "निसटेल. गाठ कुठे मारणार?" तुम्ही नुसतं "खरंच की" म्हणालात आणि पान उलटलंत. निमुळत्या कापडाला सगळ्यांनी आधी नाकं मुरडली, असं कुठे शीड असतं का म्हणून. मग मागून कोणीतरी टोकं मोजली. "तीन आहेत की! बांधा!" मग तुम्ही सबंध पुस्तकच उलटं धरलंत. पोरांच्या माना वाकड्या झाल्या, एक पठ्ठ्या तर ओणवा होऊन पायांमधून बघायला लागला. "शीड पडलं," असा गलका झाला. तुम्ही विचारलंत, "पडलं तर पडलं, पण दोऱ्या सुटल्या का?" सुटल्या नव्हत्या.

नाव तुम्ही शेवटी सांगितलंत, तेही जाता जाता. तीन सरळ बाजू, तीन टोकं, मध्ये कुठे फट नाही, अशाला त्रिकोण म्हणतात. तोवर मुलांना त्या शब्दाची गरज पडली होती. 'ते तसलं, तीन टोकांचं' असं किती वेळ म्हणत राहणार?

बाई, तुमच्याकडून मी घेतलं ते हे. गोष्टीतल्या आकाराला काहीतरी काम असलं पाहिजे. तो अडला पाहिजे, बसला पाहिजे, घरंगळला पाहिजे. नुसता डोळे-तोंड काढून 'मी आहे चौरस' म्हणणारा चौरस मुलांना हसवतो आणि विसरला जातो. शिडाला टोकं का लागतात हे ज्याला कळलं, त्याला त्रिकोण कोणत्या बाजूवर उभा आहे याने फरक पडत नाही.

तुम्ही मला नंतर पिएर आणि दिना व्हॅन हीले या डच जोडप्याबद्दल सांगितलंत. दोघंही माध्यमिक शाळेत गणित शिकवणारे, आणि दोघांनी १९५७ साली उत्रेख्त विद्यापीठात भूमितीच्या शिक्षणावर आपापला प्रबंध सादर केला. मूल आधी आकार सबंधच्या सबंध पाहतं, दारासारखा दिसतो म्हणून तो आयत. मग त्याचे गुणधर्म दिसायला लागतात. मग एका गुणधर्माचा दुसऱ्याशी संबंध. सिद्धता त्याच्याही पुढे. नुसतं वय वाढलं म्हणून यातली पायरी चढता येत नाही, तसे अनुभव मिळावे लागतात. आणि शिक्षक वरच्या पायरीवरून बोलत राहिला तर खालच्या पायरीवरच्या मुलाला शब्द ऐकू येतात, अर्थ पोचत नाही. बालवर्गात इतकी वर्षं काढूनही हे मला कोणी इतक्या साध्या शब्दांत सांगितलं नव्हतं.

ही पायरीची गोष्ट कळली म्हणूनच तुमच्या पहारेकऱ्याच्या पुस्तकाचा शेवट मला पटला. आयतांच्या संमेलनात दारावर एक पहारेकरी, हातात गुण्या. चारही कोपऱ्यांत गुण्या चपखल बसला तरच आत प्रवेश. एका बाजूला कललेला समांतरभुज चौकोन येतो, हिरमुसून परत जातो. मग चौरस येतो. पोरं ओरडतात, "त्याला नको, तो चौरस आहे!" पहारेकरी गुण्या लावून बघतो: एक, दोन, तीन, चार, सगळे कोपरे बरोबर. तो डोकं खाजवतो, आणि पुढचं पान कोरं. मी म्हटलं होतं, बाई, चौरस हाही आयतच असतो हे लिहून टाकू या की. तुम्ही म्हणालात, "कोरंच राहू दे. आत्ता सांगितलंस तर माझ्यासाठी हो म्हणतील." वर्गात जुंपली ती जुंपलीच. "नियम म्हणजे नियम, आत घ्या," म्हणणारा एक गट आणि "पण तो वेगळा दिसतो" म्हणणारा दुसरा. दुसरा गट अजून मोठा आहे आणि मी त्याला हात लावलेला नाही.

माझं सगळ्यांत लाडकं पुस्तक मात्र मुंगी आणि चिमणीचं. जमिनीवर एक उभा डबा. चिमणी वरून उडत जाते, तिला दिसतं वर्तुळ. मुंगी समोर उभी राहून मान वर करते, तिला दिसतो आयत. डाव्या पानावर मुंगीचं दिसणं, उजव्या पानावर चिमणीचं, आणि दोघींचं कडाक्याचं भांडण. डबा सबंध कुठेच काढलेला नाही! आम्ही तो खरा डबा टेबलावर ठेवला. मुलं आधी हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवून, एक डोळा मिटून बघत, मग खुर्चीवर चढून वरून. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि इनहेल्डर यांनी तीन डोंगरांचा देखावा मांडून मुलांना विचारलं होतं, पलीकडच्या बाहुलीला काय दिसत असेल? लहान मुलं बहुधा स्वतःला दिसतं तेच सांगत. आमच्याकडेही मांडणी नुसती समोर ठेवली की तसंच होतं. पण भांडण लागलं की दुसरीला काय दिसतंय हे बघायची घाई होते. गोष्टीचा हा फायदा कुठल्या तक्त्याला नाही.

त्याच पुस्तकाच्या शेवटी चेंडू येतो आणि भांडण संपतं, कारण तो दोघींनाही गोलच दिसतो. चेंडू म्हणजे वर्तुळ नव्हे, हे मुलांना इतक्या कमी शब्दांत कळलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. वर्तुळ सपाट, चेंडू सगळ्या बाजूंनी गोल. छापील पुस्तकांत वर्तुळाच्या पानावर चेंडू दिसला की तुमची लाल पेन्सिल बाहेर यायची, ती सवय मलाही लागली आहे.

फरशीच्या गोष्टीबद्दल थोडक्यातच लिहिते. पंचकोनी फरश्या बसवायला निघालेला हट्टी ससा. मुलांनी पुठ्ठ्याचे पंचकोन कापून पाहिले, तीन जुळवले की चौथा जाईना आणि मध्ये फट. षटकोन मात्र झटक्यात बसले. तुम्ही पुस्तकाच्या मागे माझ्यासाठी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: सम पंचकोनाचा कोन १०८ अंश, तिन्ही मिळून ३२४, उरले ३६. षटकोनाचे १२० चे तीन, पुरते ३६०. खाली एक ओळ, "मुलांना सांगू नकोस, पण तुला माहीत हवं." बालवर्गाच्या शिक्षिकेला गणित माहीत असायला हवं असं समजून माझ्याशी वागणाऱ्या तुम्ही पहिल्याच. सहसा आमच्याकडून गाणी आणि चिकटकाम यांचीच अपेक्षा असते.

वाचायचं कसं याबद्दल तुम्ही कडक होता. पहिल्या वाचनात एकही प्रश्न नाही. गोष्ट ही गोष्ट म्हणून आधी पूर्ण होऊ द्यायची. दुसऱ्या वाचनात थांबायचं, पण 'हा कोणता आकार?' विचारायचं नाही. 'आता काय होईल?' विचारायचं आणि गप्प बसायचं. ते गप्प बसणं मला फार जड गेलं. वर्गात शांतता पसरली की आपलं काहीतरी चुकलंय असंच वाटतं शिक्षकाला. तुम्ही मागच्या बाकावरून नुसता हात वर करून मला थांबवायचात.

नुसत्या गोष्टींनी गणित येतं का, असं काही पालक विचारतात, आणि त्यांचं विचारणं गैर नाही. त्यांना मी नेदरलँड्समधला अभ्यास सांगते. १८ बालवर्ग, ३८४ मुलं. निम्म्या वर्गांत तीन महिने चित्रपुस्तकं वाचून दाखवली, निम्म्यांत नेहमीचा दिनक्रम. संख्या, मापन आणि भूमिती यांच्या चाचणीत वाचनाच्या वर्गांची प्रगती जास्त झाली. फरक लहान होता, हेही मी सांगते, कारण तुम्ही तसं सांगायला शिकवलंत. चित्रपुस्तकाने ठोकळे, कात्री, घडीचा कागद यांची जागा घ्यायची नसते. हातात ते घ्यावंसं वाटेल असं कारण द्यायचं असतं.

या सगळ्यासाठी मनापासून आभार. तुम्ही तुमच्या दुपारी दिल्यात, पुस्तकं दिलीत, आणि सबंध वर्ग माझ्याच हाती राहू दिलात.

एक कामाची गोष्ट. शिडाच्या पुस्तकाची शिवण उसवली आहे आणि निमुळत्या कापडाचं पान अर्धं फाटलं आहे. सगळ्यांत जास्त तेच हाताळलं जातं. मी त्याच्या रंगीत प्रती काढून शेजारच्या दोन वर्गांना देऊ का? आणि मुलांनी स्वतः एक पुस्तक केलं आहे, बोगद्यात अडकलेल्या घनाचं. त्यातला बोगदा दर पानावर वेगळ्या रुंदीचा आहे, पण त्यावरून वाद चालू आहे, तेव्हा मी तो दुरुस्त करून घेतलेला नाही. तुमच्या लाल पेन्सिलीसह एकदा या.

आपली,
बालवर्गातली शिक्षिका