बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मेस्त्रींना आभाराचं पत्र

आदरणीय मेस्त्री,
सा. न. वि. वि.

तुम्ही आखून दिलेल्या नववीच्या करिअर वर्गाचे १६ शनिवार पूर्ण झाले. तोंडी आभार मानायला गेलो असतो तर तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत विषय बदलला असता, म्हणून हे पत्र. सगळ्यांनी वाचावं असं लिहितोय, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या ज्या मराठी शाळांना असा वर्ग सुरू करायचा आहे, त्यांच्या हातात तुमची पद्धत जशीच्या तशी पडावी.

पहिले आभार तुमच्या नकाराचे. आमची मागणी होती कारखान्याची एक सहल आणि एक व्याख्यान. तुम्ही दोन्हीला नाही म्हणालात. सहलीत पोरं मशीन बघतात, माप बघत नाहीत; आणि टर्नर, फिटर, डिझायनर, इन्स्पेक्टर यांतलं काहीही व्हायचं असलं तरी सुरुवात मापापासूनच होते, हे तुमचं म्हणणं. म्हणून ६ शनिवार मापाला, ६ हातकामाला, २ शॉप म्हणजे कारखान्यातली कामाची जागा बघायला आणि २ पालकांसोबत प्रवेशाची कागदपत्रं लावायला, अशी तुमची वाटणी. दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर २ तास, एका गटात १२ मुलं, त्याहून जास्त नाहीत. सुरुवात जूनमध्ये न करता ऑगस्टच्या मध्याला करायची, हेही तुमचंच. खानापूरकडे पावसात रोपलावणी चालू असते, घरात प्रत्येक हाताची गरज असते. जूनमध्ये सुरू केलेल्या वर्गाला ती पोरं पहिल्या चार शनिवारी येत नाहीत आणि मग पाचव्याला यायला लाजतात. लावणी उरकल्यावर सुरू केलं की दसरा-दिवाळीच्या सुट्ट्या धरूनही जानेवारीपर्यंत वर्ग संपतो.

मापाचे सहा शनिवार हा या वर्गाचा कणा आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर. शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा वर्नियर (जबड्यांत वस्तू धरून मोजायची सरकती पट्टी) ०.१ मिमीपर्यंत वाचतो. शॉपवरचा ०.०२ मिमीचा असतो: मुख्य पट्टीवरच्या ४९ मिमीचे सरकत्या पट्टीवर ५० भाग. तुम्ही दोन्ही शेजारी ठेवून दाखवलेत, तेव्हा 'लघुत्तम माप' (साधनावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) हा पुस्तकातला शब्द मुलांच्या डोळ्यांसमोर आला. नेमकी चूक कुठे होते तेही तुम्हीच दाखवलंत. सरकत्या पट्टीवर ० ते १० आकडे छापलेले असतात. जुळलेली रेघ ३ च्या पुढे दुसरी असेल तर मुलं एकतर ०.३२ वाचतात किंवा नुसतं ०.३. खरं तर एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंत ५ बारीक भाग, प्रत्येक ०.०२ चा, म्हणजे ०.३० अधिक ०.०४. मुख्य पट्टीवर २४ असेल तर वाचन २४.३४. आणि जबडे मिटल्यावर शून्याला शून्य न जुळता ०.०४ दिसत असेल तर ते वजा करून खरं माप २४.३०. वर्नियर हातात घेतला की आधी जबडे पुसून मिटायचे आणि शून्य बघायचं, ही सवय तुम्ही पहिल्याच दिवशी लावलीत. मग एकच जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, बाराही जणांनी मोजायचा आणि बारा आकडे फळ्यावर लिहायचे. आकडे पांगले की कारण शोधायचं: कडेला बुरी (कापल्यावर उरलेली धारदार कोर) राहिली आहे, वर्नियर तिरका लागला आहे, अंगठ्याने जास्त दाबलं आहे, की डोळा रेघेच्या समोर नाही. उत्तर चुकलं म्हणून कुणाला बसवायचं नाही, कारण सापडेपर्यंत पुन्हा मोजायचं. गणिताच्या तासाला आम्हाला हे आधी का सुचलं नाही, असं खरोखर वाटलं.

हातकामासाठी तुम्ही निवडलेला जॉब दिसायला साधा: ५० मिमी रुंद, ६ मिमी जाड एमएस (माइल्ड स्टील) पट्टीचा ५० बाय ५० चा चौकोन. प्रत्येकाने ५२ मिमी कापायचं आणि दोन्ही कडांना मिळून २ मिमी कानशीने उतरवायचं. बारा जणांचे ६२४ मिमी, करवतीच्या छेदात जाणारं धरून ७०० मिमीची पट्टी पुरते. त्या पट्टीचं वजन किती, हे दुकानात जाण्याआधी मुलांकडून काढून घ्यायचं: ७० गुणिले ५ गुणिले ०.६, म्हणजे २१० घन सेंटिमीटर; त्याला ७.८५ ने गुणलं की साधारण १,६५० ग्रॅम. काट्यावर तेवढंच आलं, तेव्हा घनफळाचं गणित कशासाठी असतं हे वेगळं सांगावं लागलं नाही.

हॅकसॉचं (लोखंड कापायच्या करवतीचं) पातं लावताना दाते पुढच्या बाजूला तोंड करून. उलटं लागलं तर पातं नुसतं घसरतं आणि मुलं जोर वाढवतात. ६ मिमी जाडीला इंचात १८ दात्यांचं पातं चालतं; पातळ पत्र्याला तेच लावलं तर दाते अडकून मोडतात, कारण कमीत कमी ३ दाते सतत धातूवर टेकलेले हवेत. दाब पुढे जाताना, मागे येताना हात हलका. मिनिटाला ४०-५० हात पुरे.

कानशीबाबत तुम्ही जे सांगितलंत ते तर कुठल्याच पुस्तकात इतकं उघड वाचलेलं नाही. व्हाइसचा (जॉब घट्ट पकडणाऱ्या शिकंज्याचा) वरचा काठ कोपराच्या उंचीला हवा. नववीतलं पोर बुटकं असलं तर पायाखाली फळी द्यायची, नाहीतर खांद्याने घासतं आणि दहा मिनिटांत दमतं. सुरुवातीला टोकाकडच्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही सारखे, शेवटाला मुठीकडचा जास्त. हे जमलं नाही की कानस झोक्यासारखी झुलते, दोन्ही कडा पडतात आणि मधला भाग फुगून राहतो. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरलं की दोन्ही टोकांना उजेड दिसतो, मधे अंधार. ज्या मुलीचा चौकोन सगळ्यात आधी सपाट आला, ती उजेडाची फट बघून स्वतःच दाब बदलायला शिकली होती. मुठीशिवायची कानस कुणाच्याही हातात द्यायची नाही, तिचं मागचं अणकुचीदार टोक तळहातात घुसतं. दातांत किस अडकून जॉबवर ओरखडे उठू नयेत म्हणून कानशीला आधी खडू चोळायचा. ४९.५ ते ५०.५ च्या आत आलं की पास, पण काटकोन बघितल्याशिवाय पास नाही.

लेथ (जॉब फिरवत कापणारं मशीन) मात्र तुम्हीच चालवलात, मुलांनी गणित केलं. २५ मिमी जाड एमएस, एचएसएस (हायस्पीड स्टीलचं) टूल, कापण्याचा वेग मिनिटाला २५ मीटर धरला तर फेरे किती? १००० गुणिले २५, भागिले पाय (π) गुणिले २५. म्हणजे सुमारे ३१८. जॉब ५० मिमीचा झाला की निम्मे, १५९. मोठ्या जॉबला मशीन जोरात फिरवावं लागत असेल अशी मुलांची समजूत होती, ती या एका आकड्याने गेली. मशीनवर नेमका आकडा नसतो, मग त्याच्या खालचा जवळचा घ्यायचा. चकची (जॉब पकडणाऱ्या फिरत्या भागाची) चावी चकमध्ये सोडून हात बाजूला जाऊ द्यायचा नाही, आणि फिरत्या मशीनपाशी हातमोजे घालायचे नाहीत, हे तुम्ही दर वेळी सांगितलंत. हातमोजे सुरक्षेसाठी असतात असं आम्हीही धरून चाललो होतो. फिरत्या जॉबने ते ओढले तर सोबत बोटं जातात.

इथे एक वेगळे आभार. ओढणी आणि मोकळे केस यांचं कारण पुढे करून मुलींना शॉपबाहेर उभं करण्याचा सोपा मार्ग तुम्ही घेतला नाहीत. मागे बांधायचा एप्रन, केसांना जाळी, बंद बूट, हातात कडं-बांगडी नाही, आणि हाच नियम मुलांनाही. मुलग्याच्या मनगटातला दोरा तुम्ही सगळ्यात आधी काढायला लावलात.

फाउंड्री (धातू वितळवून ओतायचा कारखाना) दोनच तास आणि लांबूनच, हा तुमचा आग्रह बरोबर होता. नववीतली मुलं १४-१५ वर्षांची. १४ ते १८ वयातल्या मुलांना धोकादायक कामाला कायद्याने लावता येत नाही, आणि वितळलेल्या बीडापाशी (ओतीव लोखंडापाशी) तर उभंही करू नये. त्याऐवजी तुम्ही हिरव्या वाळूची, म्हणजे साच्यासाठीच्या ओल्या वाळूची, बादली शाळेत आणलीत. बेंटोनाइट (चिकट माती) आणि पाणी मिसळलेली वाळू मुठीत दाबायची आणि गोळा मधोमध मोडायचा. स्वच्छ दोन तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर कोरडी, तळहाताला चिकटली तर जास्त ओली. जास्त ओलीची वाफ होते, वाफेला वाट मिळाली नाही की ओतीवात फुगे राहतात, आणि ते फुगे मशीनिंग झाल्यावर दिसतात, म्हणजे तोवर सगळी मजुरी वाया. बीड थंड होताना साधारण १ टक्का आटतं, म्हणून ३०० मिमीच्या ओतीवाला पॅटर्न (साचा घडवायचा नमुना) ३०३ चा. शेकडेवारीचं याहून चांगलं उदाहरण आमच्याकडे नव्हतं. वाळू कोरडी होऊ द्यायची नाही आणि तोंडाने फुंकायची नाही, सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते, हेही तुम्ही तेव्हाच बजावलंत.

आता भाषेचं. मराठी माध्यमातलं पोर आयटीआयला गेलं की सगळे शब्द एकदम इंग्रजी-कन्नड होतात, आणि हुशार पोर गप्प बसायला लागतं. तुम्ही भिंतीवर पाटी लावलीत, तिन्ही भाषा देवनागरीत: लांबी, उद्द, लेंग्थ. रुंदी, अगल, विड्थ. जाडी, दप्प, थिकनेस. उंची, एत्तर, हाइट. माप, अळते, मेझरमेंट. आणि सगळ्यात वर, लाल रंगात, 'निल्लिसु' म्हणजे थांबव आणि 'मुट्टबेड' म्हणजे हात लावू नको. शेजारच्या मशीनवरचा कामगार घाईत जे ओरडेल ते त्याच क्षणी कळलं पाहिजे, हे तुमचं कारण. या भागात भाषेवर बोलणारे पुष्कळ आहेत. पोराचं बोट वाचावं म्हणून चार शब्द लिहून देणारे तुम्ही. म्हणूनच, ज्या सरकारी हायस्कुलांत नववी-दहावीला कौशल्याचा विषय तिसऱ्या भाषेऐवजी घेता येतो, तिथे मुलाची कुठली भाषा सुटते ते आधी बघा, हा तुमचा सल्ला आम्ही पालकांना जसाच्या तसा देतो. कन्नड सुटत असेल तर दोनदा विचार करा.

पालकांच्या दोन शनिवारी तुम्ही वाटा सांगितल्यात त्या अशा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे आयटीआयचे २ वर्षांचे ट्रेड; वेल्डर आणि फाउंड्रीमन १ वर्षाचे. डिप्लोमा ३ वर्षांचा. २ वर्षांचा आयटीआय झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे आयटीआय घेतला म्हणून पुढचं दार बंद होत नाही. टूल आणि डाय बनवायचं शिकायचं असेल तर उद्यमबागेतच सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र आहे. हत्तरगीला विमानाचे भाग बनतात तिथे मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची) भाषा चालते, पण तिची बाराखडी हीच.

आणि कागदपत्रं. आधार, शाळेचं दाखल रजिस्टर, सॅट्समधली (कर्नाटकच्या शाळांच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंद प्रणालीतली) नोंद आणि बँकेचं पासबुक यांत नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच हवं. मराठी नाव कन्नडात लिहून पुन्हा इंग्रजीत जातं तेव्हा एखादं अक्षर हमखास बदलतं, आडनाव कधी पुढे तर कधी नुसतं आद्याक्षर. दहावीच्या परीक्षेची नोंदणी होण्याआधी, नववीतच ते जुळवून घ्यायचं. एकदा मार्क्स कार्ड छापून आलं की दुरुस्तीला महिने जातात. जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) वेळेत काढायचा. कोल्हापूर, गडहिंग्लजकडे तंत्रशिक्षणाला जायचं असेल तर महाराष्ट्राच्या प्रवेशात विवादित सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांचा वेगळा प्रकार असतो. त्यासाठी गाव त्या यादीत असल्याचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. हे अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात कळून उपयोग नसतो. बसचा विद्यार्थी पास घर ते शाळा एवढ्याच वाटेचा असतो, तेव्हा शॉपवर जायच्या दोन दिवसांचं तिकीट शाळेने धरावं, ही बारीक गोष्टही तुम्हीच लक्षात आणून दिलीत.

मेस्त्री, तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, वर स्वतःच्या पेटीतले चार वर्नियर शाळेला दिलेत. ते पुसून, तेलाचा हात फिरवून, जबडे किंचित उघडे ठेवून खोक्यात ठेवले आहेत. बारा चौकोनही जपून ठेवलेत, प्रत्येकावर नंबर पंच केलेला आहे. नवीन गटाला पहिल्या दिवशी तेच मोजायला देणार आहोत. पाटीवर खाली चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. फाउंड्रीचे कन्नड शब्द आमच्याकडे नाहीत, ते तुम्ही येऊन लिहायचेत. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी वाट बघतो.

आपले ऋणी,
नववी-दहावीचे गणित आणि विज्ञानाचे शिक्षक