उजव्या हाताबद्दल

दादर

चि. निनाद,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलास, "उजवा हात कोपरापर्यंत ठणकतो, पण डिसेंबरचं पियानोचं रिसायटल एकदा होऊ दे." मी नुसतं "बरं" म्हटलं, आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

अकरावीत तुझं मनगट असंच भरून आलं होतं. परीक्षेची फी भरलेली, परीक्षक परदेशातून आलेले, म्हणून मी मलम चोळून, क्रेप बँडेज गुंडाळून तुला नेलं. तुला डिस्टिंक्शन मिळालं, मी सोसायटीत पेढे वाटले. दुखलं तरी वाजवायचं, हे तू त्या दिवशी माझ्याकडून शिकलास. चुकलं माझं.

तू बाल्टिमोरला पीबडी संगीत महाविद्यालयात आहेस. पियानोवादक लिऑन फ्लायशर यांनी तिथेच साठेक वर्षं शिकवलं. 1952 साली ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकलेला हा माणूस. 1964 च्या सुमारास त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप मिटायला लागली. पुढची तीसेक वर्षं त्यांचं वादन मुख्यतः डाव्या हातावर चाललं. त्यांचा आजार डिस्टोनियाचा, त्यात मेंदूकडून बोटांना जाणारा निरोपच बिघडतो. तुझं दुखणं तसलं नसावं, हे मलाही कळतं. पण ते काय आहे ते डॉक्टरने हात बघून सांगायचं, तू अंदाजाने नाही.

बीथोव्हेनच्या हॅमरक्लाविअर सोनाटाचा शेवटचा फ्यूग मागे ऐकवलास ना, ती दहाव्या स्वरापर्यंतची उडी आणि लगेच ट्रिल, दोन स्वरांची ती जलद थरथर, ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. म्हणूनच म्हणते, ते ठणकत्या हाताने वाजवू नकोस. डीएमएला, तुझ्या संगीतातल्या डॉक्टरेटला, अजून रिसायटल्स आहेत, लेखी काम आहे. तारीख पुढे ढकलता येते.

आणि बाकावर बसल्याशिवाय तुला राहवणार नसेल, तर बाखच्या शाकॉनची, त्या व्हायोलिनच्या रचनेची, ब्राम्सने पियानोवर फक्त डाव्या हातासाठी केलेली प्रत काढ. 1877 च्या उन्हाळ्यात त्याने ती पियानोवादक क्लारा शुमनला पाठवली. नेमकी तेव्हाच खण ओढताना तिच्या उजव्या हातात लचक भरली होती. तिने त्या दिवसांत या प्रतीचाच आधार घेतला. अर्थात डावाही थोडा थोडाच, अर्धा तास फार झाला.

इथे पावसाने भिंतींना ओल आली आहे. तुझ्या पियानोत बल्ब लावून ठेवलाय, परवा ट्यूनरही येऊन गेले. मधल्या सा च्या वरच्या दोन पट्ट्या चिकटत होत्या, आता मोकळ्या झाल्या.

सरांना अजून सांगितलं नाहीस ना? रविवारी फोन करशील तेव्हा जेवलास का हे मी विचारणार नाही. सरांशी बोललास का, हेच आधी विचारीन.

तुझी
आई