अंतराळ कायदा आधी करा

महोदय,

शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोहोचले, तेव्हापासून आपल्याकडे गगनयान, २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक, २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय, याबद्दल भरभरून लिहिले-बोलले जात आहे. मलाही त्याचा अभिमान वाटतो. पण या चर्चेत कायद्याचा विषय कुठेच निघत नाही, आणि चंद्रपूर जिल्ह्यात राहणाऱ्याला तो डोक्यातून काढता येत नाही.

२ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आकाशातून जळते लोळ गेले आणि आमच्या सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे भलेमोठे कडे येऊन पडले. उभे केले तर माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढे. आसपासच्या शिवारात धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचे ते अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. कोणाला इजा झाली नाही, हे आमचे नशीब.

दुसऱ्या देशाचे रॉकेट पडून नुकसान झाले, तर निदान दाद मागायला जागा आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीची भरपाई प्रक्षेपण करणाऱ्या देशाने द्यायची असते, मग चूक कोणाची का असेना. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. पण हाच करार प्रक्षेपण करणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना लागू होत नाही. म्हणजे उद्या एखाद्या भारतीय कंपनीच्या रॉकेटचा तुकडा भारतीय शेतकऱ्याच्या गोठ्यावर पडला, तर त्याला आधार फक्त देशातल्या कायद्याचा. तलाठी पंचनामा करील, पण त्यापुढे दावा कोणाकडे आणि कोणत्या कलमाखाली लावायचा?

असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे अजून झालेला नाही. अंतराळ विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी जाहीर झाला होता. २०२३ मध्ये अंतराळ धोरण आले, खासगी कंपन्यांना दारे उघडली, त्यांना परवाने द्यायला 'इन-स्पेस' ही संस्थाही आहे. स्कायरूट आणि अग्निकुल या कंपन्यांची चाचणी रॉकेट्स उडालीसुद्धा, आणि ते चांगलेच झाले. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. या संस्थेला संसदेच्या कायद्याने मिळालेले अधिकार नाहीत. कोर्टात उभे राहिल्यावर हा फरक फार महागात पडतो. जपानने २०१६ मध्येच असा कायदा केला आहे.

माणूस वर पाठवायचा म्हटले की प्रश्न आणखी नाजूक होतो. शुक्ला गेले तेही एका अमेरिकी खासगी कंपनीच्या यानातून. अमेरिकेत खासगी यानातून जाणाऱ्या प्रवाशाला धोक्यांची लेखी कल्पना देऊन त्याची संमती घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्या कंपन्या उद्या प्रवासी नेऊ लागल्या, तर त्यांच्यावर कोणते बंधन असेल? अपघात झाला तर कुटुंबाने कोणाच्या दारात जायचे? गगनयानासाठी सरकारने २०,१९३ कोटी रुपये मंजूर केले आहेत. एवढी मोठी जबाबदारी घेणाऱ्या देशाला ही उत्तरे लेखी, संसदेत मंजूर करून घेतलेली हवीत.

विदर्भातल्या खासदारांनी येत्या अधिवेशनात सरकारला थेट विचारावे : २०१७ चा मसुदा कुठे अडला, नवे विधेयक कधी मांडणार, आणि त्यात जमिनीवरच्या माणसाच्या भरपाईचे कलम असणार की नाही?

– एक वाचक, चंद्रपूर जिल्हा