‘मी रात टाकली’ कोणाचे गाणे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील जुन्या चित्रगीतांवरच्या लेखात ‘मी रात टाकली’ला ‘पारंपरिक बाजाचे अवखळ शृंगारगीत’ म्हटले आहे. शृंगार त्यात आहेच, नाही कोण म्हणतो? पण ते कोणाच्या तोंडी आहे हे लेखात कुठेच आले नाही, आणि तेच ठाऊक नसेल तर गाणे निम्मे हातचे जाते.

गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’ या कादंबरीवर जब्बार पटेलांनी १९७७ साली चित्रपट केला. त्यातली चिंधी ही नवरा सोडलेली ठाकर आदिवासी बाई. स्मिता पाटीलने ती उभी केली. मोडक्या संसाराची लाज टाकली, असे ती सुरुवातीलाच म्हणते ती कवीची लाडिक कल्पना नव्हे, तिची हकिगत आहे. पुढे ‘अंगात माझिया भिनलाय ढोलिया’ येते. तो ढोलिया म्हणजे ढोल वाजवणारा नाग्या. नाग्या माहीत नसला की त्या ओळीत नुसता ठेका उरतो. याच चित्रपटातल्या ‘जांभूळ पिकल्या झाडाखाली’तही ढोल वाजतो तो त्याचाच.

कादंबरी मुख्यतः नाग्याची. राणीमाशीने त्याचा डोळा घेतला आणि तो लिंगोबाच्या सुळक्यावरच्या मधाच्या पोळ्यांच्या मागे लागला. (मुंबई-गोवा महामार्गावरून दिसणारा कर्नाळ्याचा सुळका तो हाच. आम्हा पनवेलकरांना तो रोजचा, आणि तिथल्या आग्यामोहळांची दहशतही.) चित्रपटात मात्र चिंधी नाग्याच्या बरोबरीने उभी राहते, आणि त्याचे मोठे श्रेय मी गाण्यांना देते. तिच्या मनातले जे संवादांत मावले नसते ते ना. धों. महानोरांनी गाण्यांत घातले. महानोर अजिंठ्याच्या पायथ्याकडच्या पळसखेडचे शेतकरी, चिंधी रायगडच्या डोंगरातली. तरी शब्द तिला कुठे परके वाटत नाहीत. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लताबाईंचा आवाज यांबद्दल मी नव्याने काय सांगणार?

शेवटी नाग्या ती पोळी खाली आणतो, जैत म्हणजे जीत होते, पण माश्यांच्या डंखांनी चिंधी जाते. हा शेवट माहीत असताना तिचे ते मोकळे होणे ऐकवत नाही, आणि ऐकल्याशिवाय राहवतही नाही.

हल्ली हळदीला हे गाणे हटकून लागते. उद्या बोहल्यावर चढणारी मुलगी नवरा सोडल्याचे गाणे म्हणत नाचते आणि सासरची मंडळी टाळ्या पिटतात! माझी काही हरकत नाही, चिंधीलाही गंमतच वाटली असती. हरकत आहे ती ‘पारंपरिक’ला. ऑर्केस्ट्राचे निवेदकही सर्रास ‘आता ऐकू या एक लोकगीत’ म्हणतात आणि महानोरांचे नाव गाळतात, दांडेकरांचे तर निघतच नाही. वर्तमानपत्राने तरी ती चूक पक्की करू नये.

लेखमालेत पुढे याच चित्रपटातले ‘नभ उतरू आलं’ येणार असेल, तर लेखकमहाशयांनी त्याआधी कादंबरी एकदा वाचावी, एवढी विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, पनवेल